दुधाचे चीज

‘कष्टाचे चीज झाले’ असे आपण म्हणतो. दुधाचे चीज कसे होते ते मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. यंदा फेब्रुवारीत आमच्या भागातील बत्तीस दूध उत्पादकांची अभ्यास सहल घेऊन मी आणंदला गेलो, तेव्हा ते पाहण्याचा योग आला. बत्तिसांत अकरा महिला होत्या. शिवाय एक सहा वर्षांचा मुलगा होता. तो आमच्या यादीत नव्हता; पण या लेखाला खरे कारण तोच झाला.

नंदुरबारहून आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. नवापूर आले तशी मंडळी खिडक्यांना लागली. हे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. ‘आता पाय कुठल्या राज्यात?’ यावर डब्यात बरीच थट्टा झाली. पुढे सोनगड, व्यारा, बारडोली. बारडोलीचे नाव ऐकून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने १९२८ च्या शेतसाऱ्याच्या सत्याग्रहाची गोष्ट तरुणांना सांगितली.

दहाच्या सुमारास शिदोऱ्या सुटल्या. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. माझ्यासमोर शहाद्याकडच्या एक मावशी बसल्या होत्या. घरी पाहायला कोणी नाही म्हणून त्यांनी नातवाला बरोबर आणले होते. त्यांनी आम्हाला भाकरी वाढली आणि नातवासाठी पिशवीतून एक रंगीत पुडके काढले. त्यातला पिवळा चौकोनी काप पोळीत गुंडाळून त्याच्या हातात दिला. पोरगा अंगाने काटकुळा होता. दंड माझ्या दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा.

“साहेब, अंगणवाडीत वजन कमी भरत होतं. आता शाळेत जातो, तरी अंगाला काही लागत नाही,” मावशी म्हणाल्या. “टीव्हीवर दाखवतात ना, चीजमध्ये दुधाची ताकद असते म्हणून. दर बाजाराला एक पुडकं आणते. दहा काप असतात. दीडशेच्या घरात जातं.”

“आणि दूध किती पितो?”

मावशी जरा थांबल्या. “दोन म्हशींचं नऊ लिटर होतं. सगळं डेअरीला घालते. म्हशीचा हप्ता आहे ना. चहापुरतं राहतं.”

मी त्यावर काही बोललो नाही. खरे सांगायचे तर मलाच ओशाळल्यासारखे झाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी गावोगाव दुधाच्या सभा घेतल्या. किती लिटर निघते, फॅट किती लागते, खुराक कोणता देता, हे सारे विचारले. घरात किती राहते, हे एकदाही विचारले नाही.

सुरतेला गाडी बदलली. भडोचला नर्मदा ओलांडली. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नावाने दोघा-तिघांनी हात जोडले. वासदच्या अलीकडे मही नदी लागली आणि ती ओलांडताच आम्ही चरोतरात आलो. तंबाखूची रुंद पानांची शेते, केळीच्या बागा, बटाटा. केळी पाहून आमच्या मंडळींना घरच्यासारखे वाटले. गोठ्यांतून सुरती म्हशी दिसत होत्या. अंगाने मध्यम, शिंगे विळ्यासारखी. आपल्याकडच्या मोठ्या म्हशींपुढे त्या लहान वाटतात. पण खाणे बेताचे आणि दूध घट्ट, असा त्यांचा लौकिक आहे.

आणंदची कथा पुष्कळांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. १९४५ साली मुंबईला दूध पुरवण्याची सरकारी योजना आली आणि खेडा जिल्ह्यातील दूध रेल्वेने मुंबईस जाऊ लागले. नफा मधले व्यापारी आणि खाजगी डेअरी यांच्याकडे राही. शेतकऱ्याच्या हाती थोडेच पडे. सरदार पटेलांनी सल्ला दिला की आपली सहकारी संस्था काढा. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. मागणी मान्य होत नाही असे पाहून शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच घातले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष होते. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदला आले आणि त्यांच्यामागून दुग्धतज्ज्ञ एच. एम. दलाया आले.

आता चीजकडे वळू. थंडीच्या दिवसांत म्हैस जास्त दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. जास्तीच्या दुधाचे करायचे काय, हा प्रश्न होता. परदेशात त्याची भुकटी, लोणी आणि चीज करीत. पण ते गाईच्या दुधाचे. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे तिकडचे जाणकार सांगत. दलायांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला भुकटीचा कारखाना उभा राहिला. पुढे १९६० च्या सुमारास वर्षाला ६०० टन चीज करण्याचा विभाग जोडला गेला. म्हशीच्या दुधाचे चीज एवढ्या मोठ्या प्रमाणावर करण्याचा तो जगातील पहिला प्रयत्न मानला जातो. म्हशीच्या दुधात केसीन नावाचे प्रथिन आणि कॅल्शियम जास्त असते, त्यामुळे दही कडक बसते आणि चीज मुरायला वेळ लागतो. ती अडचण सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नडियादवरून खात्रजला गेलो. खेडा संघाचा चीजचा कारखाना तेथे आहे. तेथल्या तरुण अधिकाऱ्याने हिंदी-गुजराती मिसळून सगळे समजावून सांगितले. आपल्या भाषेत ते असे आहे.

दूध तापवून जंतुरहित करतात आणि कोमट करतात. त्यात विरजण घालतात, आपल्या दह्यासारखेच, फक्त जिवाणू निवडलेले असतात. मग ‘रेनेट’ नावाचा पदार्थ थेंबाथेंबाच्या हिशेबाने घालतात. त्याने दूध साकळते आणि खरवसासारखे थर बसते. तारांच्या सुऱ्यांनी त्याचे बारीक तुकडे केले की त्यातून हिरवट पिवळे पाणी सुटते. पाणी काढून, मीठ घालून, दाबून लाद्या करतात आणि त्या थंड खोलीत काही महिने मुरत ठेवतात. गाईच्या साधारण १० लिटर दुधाचे असे १ किलो चीज होते. म्हशीच्या दुधात घनपदार्थ जास्त असल्याने दूध कमी लागते.

“रेनेट म्हणजे वासराच्या पोटातलं ना?” एका माळकरी शेतकऱ्याने शंका काढली. शंका रास्त होती. परदेशात पूर्वीपासून ते वासराच्या जठरातून काढीत आले. येथे ते सूक्ष्म जंतूंपासून तयार केलेले वापरतात. पुडक्यावर हिरवा ठिपका असतो तो त्याचीच खूण. माळकरी बाबांचे समाधान झाले.

वर सांगितले ते नैसर्गिक चीज. आपल्या दुकानात डब्यात, चौकोनी वड्यांत किंवा कापांत मिळते ते बहुधा ‘प्रोसेस्ड चीज’, म्हणजे प्रक्रिया केलेले चीज. ही युक्ती स्वित्झर्लंडमधील थून गावच्या वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ साली काढली. उष्ण देशांत पाठवताना चीज खराब होई, ते टिकावे हा हेतू होता. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ साली अशाच पद्धतीचे पेटंट घेतले आणि पहिल्या महायुद्धात डबाबंद चीज सैन्याला गेले.

त्याची कृती अशी: कमी मुरलेले आणि जास्त मुरलेले चीज एकत्र दळतात. त्यात थोडे पाणी आणि सोडियमचे सायट्रेट किंवा फॉस्फेट असे क्षार घालून कढईसारख्या यंत्रात ढवळत तापवतात. नुसते चीज तापवले तर तूप वेगळे आणि चोथा वेगळा होईल. या क्षारांमुळे केसीन सैल होते आणि स्निग्धांश व पाणी यांना धरून ठेवते. गुळगुळीत लगदा तयार होतो. तो गरम असतानाच भरून बंद करतात. जंतू मेलेले आणि वेष्टन घट्ट, म्हणून ते टिकते. पुडके फोडल्यावर मात्र थंड जागीच ठेवायला हवे.

मावशी काचेपलीकडची यंत्रे पाहत उभ्या होत्या. नातू त्यांच्या पदराला धरून होता. त्या म्हणाल्या, “म्हणजे साहेब, दुधाचंच आहे. फसवणूक नाही.”

“फसवणूक नाही,” मी म्हणालो. “पण हिशेब बघायला पाहिजे.”

परतताना बसमध्ये आम्ही तो हिशेब मांडला. पुडक्यांवर पोषणाचा तक्ता छापलेला असतो. आमच्यातल्या एका बारावी झालेल्या मुलाने तो वाचला. १०० ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिने, २५ ग्रॅम स्निग्धांश आणि ३०० च्या वर उष्मांक असतात. कॅल्शियम चारशे-पाचशे मिलिग्रॅम, काहींत अधिकही. ‘अ’ जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर चीजमध्ये उतरते. ही जमेची बाजू मोठी आहे. दुधातली साखर बहुतेक पाण्याबरोबर निघून जाते, म्हणून दूध प्यायले की ज्यांचे पोट बिघडते त्यांनाही थोडे चीज सहसा सोसते.

आता नावेची बाजू. २५ ग्रॅम स्निग्धांशापैकी १५-१६ ग्रॅम संपृक्त, म्हणजे तुपातल्या जातीचा असतो. वाढत्या पोराला थोडा चालेल, बसून काम करणाऱ्या माणसाने जपावे. लोह फारच कमी, ‘क’ जीवनसत्त्व आणि चोथा नाहीच. सर्वांत लक्ष ठेवायचे ते सोडियमकडे. मीठ घातलेले असतेच, शिवाय ते प्रक्रियेचे क्षारही सोडियमचेच. २५ ग्रॅमच्या एका चौकोनी वडीत सोडियम मोजले तर ते पाऊण ग्रॅम मिठाच्या बरोबरीचे किंवा थोडे जास्त भरते. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते; मुलांना त्याहून कमी. आपल्या घरात भाजी, ठेचा, लोणचे, पापड यांतून मीठ आधीच भरपूर जाते.

मग आम्ही मावशींचे काप आणि मावशींचे दूध शेजारी शेजारी मांडले. काप २० ग्रॅमचा. आठवड्याला दहा काप, म्हणजे रोजचे सरासरी २८-२९ ग्रॅम. त्यातून प्रथिने मिळतात साडेपाच ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या. म्हशीच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर प्रथिने सुमारे ७ ग्रॅम, कॅल्शियम २४० मिलिग्रॅमच्या घरात आणि वरून मीठ काहीच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे एका पेल्यात कॅल्शियमची जवळजवळ निम्मी गरज भागते.

“आणि हप्ता?” मावशींनी विचारले. तो प्रश्न येणारच होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

रोज एक पेला म्हणजे महिन्याला ६ लिटर. मावशींना लिटरला सरासरी ५० रुपये पडतात, म्हणजे ३०० रुपये बिलातून कमी होणार. चीजच्या पुडक्यांवर महिन्याला ६०० रुपये जात होते. मावशींनी बोटांवर दोनदा मोजले. “म्हणजे ३०० चं दूध विकून मी ६०० चं चीज आणते?”

“आणि चीजमध्ये जेवढं मिळतं, त्याहून जास्त दुधात मिळतं,” तो बारावीचा मुलगा म्हणाला.

मी त्याला पुस्ती जोडली. उरलेल्या पैशांतून शेंगदाणे आणा. ३० ग्रॅम दाण्यांत ७ ग्रॅम प्रथिने असतात. नाचणी आणा. ३० ग्रॅम पिठात शंभराच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खात असाल तर अंडे आणा. वजन वाढायला नुसती प्रथिने पुरत नाहीत. पोटभर भाकरी-वरण, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल आणि दिवसातून चार वेळा खाणे लागते. पालेभाजी आणि त्यावर लिंबू हे लोहासाठी. आणि एवढे करूनही वजन हलत नसेल, तर जंत, वारंवारचा ताप किंवा खोकला आहे का, हे आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. काटकुळ्या पोरावर चीज हे औषध नव्हे आणि दूधही नव्हे.

त्या संध्याकाळी आणंदजवळच्या एका खेड्यात दूध संस्था पाहायला गेलो. सहा वाजता बाया-पुरुष चरव्या, कॅन घेऊन रांगेत उभे होते. नमुना घेणे, फॅट लावणे, चिठ्ठी, लगेच पुढचा. आमच्या मंडळींना ती शिस्त फार आवडली. पण मावशींना वेगळेच दिसले. संस्थेशेजारच्या घरी आम्ही चहाला थांबलो होतो. त्या घरच्या बाईने म्हैस पिळली आणि कॅनमध्ये ओतण्याआधी पितळेचा एक लोटा भरून चुलीशी नेऊन ठेवला. मावशींनी खुणेनेच विचारले. ती हसून म्हणाली, “ए तो छोकरांनुं.” म्हणजे ते पोरांचे.

मावशी परत येईपर्यंत त्याविषयी बोलत होत्या. “हिचाही हप्ता असेल की, साहेब.”

वाचकहो, चीज वाईट आहे असे मी म्हणत नाही. दुधाला भाव मिळावा म्हणून अशा पदार्थांचे कारखाने व्हायलाच हवेत. आपल्या पुणे जिल्ह्यात मंचरलाही चीजचा मोठा कारखाना आहे. जास्तीचे दूध खपते, बारा महिने मागणी राहते, आणि त्यात शेतकऱ्याचे हित आहे. शहरात ज्याच्या दारी म्हैस नाही, त्याच्या मुलाच्या डब्यात चीजचा काप असणे योग्यच. आपल्याही मुलांनी आवडीने कधीतरी खावे. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पुडके घेताना नाव आणि घटक वाचा. ‘प्रोसेस्ड चीज’ असे लिहिलेले असावे आणि घटकांत चीज पहिले असावे. वनस्पती तेलाचा उल्लेख असेल तर तो चीजसारखा दिसणारा दुसराच पदार्थ आहे. त्याला चीजचा भाव देऊ नका. ‘स्प्रेड’ म्हणून मिळते त्यात पाणी जास्त असते, म्हणून प्रथिने कमी. मुलाला दिवसाला एका कापापेक्षा जास्त नको, आणि ज्या जेवणात चीज असेल त्यात लोणचे-पापड टाळावे. एक वर्षाखालच्या बाळाला देऊच नये. रक्तदाब असणाऱ्यांनी जपून खावे, आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी त्यातल्या मिठामुळे आणि फॉस्फेटमुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. घरी दूध असेल तर लिंबू पिळून पनीर करावे. त्यात १०० ग्रॅमला १८-१९ ग्रॅम प्रथिने असतात, मीठ आपल्या हातात राहते, आणि सुटलेल्या पाण्यात कणीक भिजवली की तेही वाया जात नाही.

सहलीनंतर महिनाभराने मी शहाद्याकडे गेलो होतो. मावशींच्या अंगणात कॅन घासून उपडे घातलेले होते आणि भिंतीपाशी स्टीलचा एक पेला पालथा होता. “रोज देते,” त्या म्हणाल्या. “आधी तोंड वाकडं करायचा. आता गुळाचा खडा देते, मग पितो. चीज बाजारच्या दिवशी एखादं आणते, हट्टच करतो.” वजनाचे विचारले, तर म्हणाल्या, “थोडं चढलंय. आरोग्य केंद्रात जंताचं औषधही दिलं.” एका महिन्यात यापेक्षा जास्त कोणी सांगू नये.

आता मी सभेत पहिला प्रश्न तोच विचारतो: आज घरी किती दूध ठेवले? पुष्कळदा उत्तर येत नाही. माणसे एकमेकांकडे पाहतात. मग मी एवढेच सांगतो की धार काढून झाली की कॅनचे झाकण लावण्याआधी पोरांचा पेला भरून बाजूला ठेवा. झाकण लागले की ते दूध हप्त्याचे होते. मग त्याला हात लावायला जीव होत नाही.